काही न खाणारा जंतू

आमच्या ऑफिसला पाटी लागली त्याच आठवड्यात सात माणसं पोट दाखवायला आली. पाटीवर लिहिलं होतं, 'पेशी चयापचय संगणन केंद्र'. शब्द महाजन सरांनी निवडले होते. वाचणाऱ्यांनी त्यातला 'पचय' तेवढा घेतला. जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी पुष्कळ, आणि आमचं ऑफिस त्यांच्या वाटेवर, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालच्या डॉक्टरांकडे रांग असली की माणसं सरळ वर यायची. एका बाईंनी मला जीभही दाखवली. मी म्हटलं, "अहो, आम्ही कॉम्प्युटरवाले आहोत." त्या म्हणाल्या, "म्हणूनच आले. खाली हातानेच तपासतात."

या सात जणांपैकी सहा गेले. सातवे अरुणनाना, ते राहिले. नाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, धुळे स्टँडवर बरीच वर्षं काढलेले. गॅसेसचा त्रास. आम्ही औषध देत नाही हे त्यांनी मान्य केलं, पण खुर्ची बरी आहे म्हणाले. तेव्हापासून तलावाला दोन फेऱ्या झाल्या की ते आमच्याकडे बसायचे, पेपर वाचायचे आणि मी काय करते ते विचारायचे. त्यांना समजावता समजावताच मला माझं काम नीट सांगता यायला लागलं. तेच इथे सांगते.

कुठलाही जंतू घ्या. त्याच्या एवढ्याशा पेशीत शेकडो रासायनिक क्रिया चालू असतात. साखर आत येते, तिचं हे होतं, त्याचं ते होतं, शेवटी काही बाहेर पडतं आणि काही जंतूचं अंग वाढवायला लागतं. आम्ही या सगळ्या क्रियांची यादी कॉम्प्युटरला देतो. कुठली क्रिया कुठून कुठे जाते, सरळ जाते की उलटही फिरते, हे बाणांनी सांगतो. मग विचारतो, याला इतकं खायला दिलं तर तो किती वेगाने वाढेल आणि बाहेर काय टाकेल? नियम एकच. जे आत आलं त्याचा हिशेब लागला पाहिजे.

नाना म्हणाले, "म्हणजे स्टँड. जेवढ्या गाड्या आत आल्या तेवढ्या बाहेर गेल्या पाहिजेत. स्टँडवर गाडी जन्माला येत नाही."

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी या वाक्यानंतर दोन वर्षांनी केली.

या कामासाठी आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, 'रसद' नावाचं. कल्पना महाजन सरांची. ते कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. प्रोग्राम लिहिणारी मी. माझं गाव अमळनेर. बाबा तिथल्या एका तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले आणि तेलाची तपासणी करता करता निवृत्त झाले. घरी त्यांच्या अंगाला कायम तेलाचा वास असायचा आणि तोंडात कायम 'प्रमाण' हा शब्द. मला वाटतं, माझं लक्ष आकड्यांकडे त्यांच्यामुळेच गेलं. असो.

रसद वापरणारे बहुतेक लोक दूरचे, विद्यापीठांतले, कधी न भेटणारे. आपल्या भागातलं एकच गिऱ्हाईक लक्षात राहण्यासारखं, ते म्हणजे हिलालआबा.

आबा अमळनेरपुढच्या एका खेड्यात केळीचा सिरका करायचे. चोपड्याकडून माल यायचा. जी केळी आकाराने किंवा डागांमुळे बाजूला काढली जातात ती. त्यांचा रस आधी आंबवायचा, त्यात थोडी दारू तयार होते, मग तो सिरक्याच्या जंतूंपुढे ठेवायचा. जंतू त्या दारूचा सिरका करतात. ते पाण्यावर जाड सायीसारखे तरंगतात. आबांची साय त्यांच्या वडिलांच्या वेळची होती. मोठी होईल तसा तिचा तुकडा दुसऱ्या भांड्यात टाकायचा. असं करत करत ती आबांपर्यंत पोचलेली.

आबा पहिल्यांदा आले तेव्हा हातात बाटली होती. टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, मना सिरका आंबट व्हत नहीं. कॉम्प्युटरले इचारा."

आबा घरी अहिराणी बोलायचे, ऑफिसात पुस्तकी मराठीचा प्रयत्न करायचे आणि मुद्द्याची गोष्ट आली की पुन्हा अहिराणीवर यायचे.

मी सिरक्याच्या जंतूचं मॉडेल बनवलं. दोन महिने लागले. आबा दर सोमवारी यायचे, नानांशेजारी बसायचे आणि पडद्याकडे बघायचे. मी एकेक गोष्ट कमीजास्त करून बघत होते. हवा बंद केली आणि सिरका थेट शून्यावर आला.

मी विचारलं, "आबा, पिंपांना झाकणं आहेत का?"

झाकणं होती. पूर्वी मातीचे रांजण होते, तोंडाला फडकं. धंदा वाढवल्यावर आबांनी निळी पिंपं आणली, आणि माश्या नकोत म्हणून झाकणं घट्ट लावली. मी म्हटलं, झाकणं काढा, फडकं बांधा. आठ दिवसांनी आबा दुसरी बाटली घेऊन आले. बूच काढल्यावर नाना खोकत बाहेर गेले.

त्या दिवसापासून आबांचा कॉम्प्युटरवर पूर्ण भरवसा बसला. यात माझी चूक काही नव्हती. पुढे झाली.

एका सोमवारी सर आबांना मॉडेल दाखवत होते. सरांनी माऊस हलवताना जंतूचं सगळं खाणं शून्य केलं. साखर नाही, दारू नाही, काही नाही. पडद्यावरचा वाढीचा आकडा खाली आला नाही. उलट किंचित वर गेला.

आबा पुढे झुकले. "आते यानी काय खादं?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काहीच नहीं?"

"काहीच नाही."

"तरी वाढस?"

मी दमले होते आणि मला हसू येत होतं. कुठेतरी चूक आहे हे मला दिसत होतं. मॉडेल बनवणाऱ्याला असल्या चुका नवीन नसतात. मी म्हटलं, "आकडा तर तसंच म्हणतोय, आबा." मला म्हणायचं होतं की आकडा चुकलाय. आबांनी ऐकलं ते वेगळं. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि ते उठले.

आबांनी काय ऐकलं ते मला तेव्हा कळलं नाही. नानांनी काय ऐकलं ते मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. तलावावरच्या चार मंडळींना घेऊन नाना वर आले. "मॅडम, तो काही न खाणारा जंतू यांना दाखवा."

मी सांगितलं, तसा जंतू नाही, ती चूक आहे. मंडळी कौतुकाने हसली. नाना त्यांना म्हणाले, "मॅडम पहिल्यापासून अशाच. स्वतःचं कौतुक करून घेणार नाहीत."

आठवडाभरात उपासाच्या मंडळाच्या बायका आल्या. त्यांचं एक मंडळ होतं, सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी सगळं मिळून करणारं. त्यांना जंतूचा फोटो हवा होता. आमच्या घरी उपास म्हणून कुणी साबुदाणा भिजवलेलासुद्धा मला आठवत नाही, आणि माझ्यासमोर बारा बायका उपासाचा आदर्श मागत बसल्या होत्या. मी म्हटलं, फोटो नाही, ही नुसती क्रियांची यादी आहे. त्यांनी यादी मागितली. सरांनी पहिलं पान छापून दिलं. सरांना नाही म्हणता येत नसे. पुढे ते पान फ्रेम करून भिंतीला लावल्याचं आणि त्याला हार घातल्याचं कळलं. पानावर ग्लुकोजपासून सुरू होणाऱ्या क्रिया होत्या. म्हणजे उपासाच्या देवाच्या तसबिरीत पहिल्याच ओळीत साखर.

मग एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'जळगावात अन्नाविना जगणाऱ्या जंतूचा शोध'. मी संपादकांना फोन करून खुलासा केला. त्यांनी खुलासाही छापला. मथळा होता, 'संशोधिकेचा विनम्र नकार'.

त्यानंतर एक पुढारी आले. त्यांनी भाषणात जंतूला जळगावचा सुपुत्र म्हटलं आणि महागाईच्या काळात सर्वांनी त्याचा आदर्श घ्यावा असं सांगितलं. शाल एकच आणली होती. ती आधी मॉनिटरवर घातली, फोटो काढला, मग तीच काढून माझ्या खांद्यावर घातली. नारळ सीपीयूवर ठेवला. तो गडगडत खाली आला तेव्हा टाळ्या वाजल्या.

खरं सांगते, शाल मला आवडली. इतकी वर्षं मी काय काम करते हे माझ्या सख्ख्या भावालाही नीट माहीत नव्हतं. आता त्याच्या सोसायटीतले लोक त्याला थांबवून विचारत होते. 'चूक आहे' असं मी प्रत्येकाला सांगत होते, पण पहिल्या दिवशी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज नंतर राहिला नव्हता. आणि या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. दोन सोमवार झाले, तिसरा झाला, आबा आले नव्हते.

चूक शोधायचं काम मात्र रोज चालू होतं. यादीत शेकडो क्रिया. प्रत्येक क्रिया एकटी बघितली तर बरोबर. शेवटी मी खाणं शून्य ठेवून फक्त चालू असलेल्या क्रिया छापल्या, आणि त्यातल्या तीन एकमेकींच्या शेपटीला लागून गोल फिरत होत्या. समजा, एक एसटी धुळ्याहून पारोळ्याला गेली, तिथून अमळनेरला, तिथून परत धुळ्याला. प्रवासी एकही नाही. पण प्रत्येक फेरीला टाकीत थोडं डिझेल जास्त. तसं ते होतं. तिसऱ्या क्रियेचा बाण एकाच बाजूला हवा होता. तो मी दोन्हीकडे टोकं देऊन लिहिला होता. तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव फाईलमध्ये असतं. नाव माझं होतं.

मी बाणाचं एक टोक काढलं. आकडा शून्यावर आला. काही न खाणारा जंतू तिथल्या तिथे मेला. मला मोकळं वाटलं. सरांना सांगायला उठणार तेवढ्यात फोन वाजला. आबांच्या घरून अक्का बोलत होत्या, आबांच्या पत्नी. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, सिरका पानी व्हई गया. आबा जेवत नहीं. तुम्ही या."

सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरले, तिथून एसटीने गावात. वाटेत मला सगळं कळून चुकलं होतं, तरी मी मनातल्या मनात वेगळी कारणं शोधत होते. पाऊसमान, केळीचा माल, फडक्याची वीण.

आबांच्या शेडमध्ये निळी पिंपं ओळीने उभी होती. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. वास नव्हता. सिरक्याच्या शेडमध्ये डोळ्यांना पाणी यायला हवं. तिथे ओल्या फडक्याचा नुसता वास होता.

आबा बाजेवर बसले होते. उठले नाहीत. मी विचारलं, "आबा, आंबवलेला रस घालणं कधी थांबवलं?"

"तुमना कॉम्प्युटरनी सांगं त्या दिनपासून," आबा म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "तो काही खात नाही म्हटल्यावर रस कशाला घालू? उगाच त्याला त्रास."

मी एका पिंपातलं चमचाभर घेऊन चाखलं. पाणी. मग मला समजलं काय झालं ते, आणि ते कागदोपत्री मला आधीपासून माहीत होतं. या जंतूला दारू मिळते तोवर तो तिचा सिरका करतो. दारू संपली की तो मरत नाही. स्वतः बनवलेला सिरका खायला लागतो आणि त्याची हवा आणि पाणी करून टाकतो. तीन आठवडे आबांना वाटत होतं की जंतूंचा उपास चाललाय. जंतूंचा फराळ चालला होता.

मी बाजेसमोर उभी राहिले आणि सांगितलं. बाणाचं सांगितलं, दोन टोकांचं सांगितलं. समोरच्याला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलेली चूक समजावून सांगणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं.

आबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलना?"

"नाही आबा. मी चुकीचं लिहिलं. त्याने तेच वाचून दाखवलं. आणि मला संशय होता तरी मी तुम्हाला फोन केला नाही."

मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते उठले, पिंपांकडे बोट केलं आणि म्हणाले, "माले नका सांगा. यासले सांगा. मी यासले उपाशी ठेवं."

मला आधी वाटलं, वैतागून बोलताहेत. पण ते पहिल्या पिंपावरचं फडकं सोडून बाजूला उभे राहिले, एखाद्या मोठ्या माणसाकडे भेटीला आलेल्याला वाट करून द्यावी तसे. दारात शेजारचे दोघेतिघे येऊन उभे होते. त्यांनाही यात काही विचित्र वाटलेलं दिसलं नाही. एकाने टोपी काढली.

मी पिंपाजवळ गेले. आत साय होती, मळकी, पातळ झालेली. ज्या जंतूच्या शेकडो क्रिया मला पाठ होत्या त्याला मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मी हात जोडले. म्हटलं, "माझं चुकलं. तुम्हाला खायला लागतं." मग दुसऱ्या पिंपाशी गेले. आबांनी प्रत्येकाचं फडकं सोडलं. प्रत्येक पिंपाला मी तेच सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या पिंपाला माझे डोळे भरून आले. त्याची मला लाज वाटली नाही, अजून वाटत नाही.

ओळीतलं शेवटचं पिंप पार मागच्या कोपऱ्यात होतं. आबांनी फडक्याची गाठ सोडली आणि दोघंही मागे सरलो. नाकात झणका गेला. डोळ्यांत पाणी आलं ते आता सिरक्याचं होतं. साय जाड होती, पांढरी, पोसलेली.

आबा दाराकडे वळले. अक्का तिथे उभ्या होत्या, हातात तांब्या.

"तू रस घालत व्हती?" आबांनी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "रोज एक तांब्या. तुम्ही जेवाले बसना का मंग."

"पन कॉम्प्युटर सांगे..."

"जीव शे," अक्का म्हणाल्या. "जीव शे तर खाईच."

त्यांनी हे भांडायला म्हटलं नाही. त्या फक्त इतके दिवस बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या पिंपातली साय कापून सगळीकडे टाकली, ताजा आंबवलेला रस घातला. दीड महिन्यात शेडमध्ये नीट श्वास घेता येईना, म्हणजे सगळं ठीक झालं. बाण सुधारलेल्या मॉडेलने पुढे एक जुनं कोडंही सोडवलं. दर लग्नसराईत आबांचा सिरका नरम पडायचा. घरचे लग्नांना जायचे, रस घालायला उशीर व्हायचा, आणि तेवढ्या दिवसांत जंतू आपला माल खाऊन मोकळे. आता लग्नाला जाताना एक जण घरी राहतो. आबा सोमवारी परत यायला लागले, पण मॉडेलने काही सांगितलं की म्हणतात, "थांबा, घरी इचारस."

जळगावला परतल्यावर मी नानांना सगळं सविस्तर सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "मी तुम्हाला बोललो होतो, स्टँडवर गाडी जन्माला येत नाही." मी म्हटलं, "हो, आणि तुम्हीच चार जणांना ती गाडी बघायला आणलीत." नानांनी पेपर उघडला. उपासाच्या मंडळाला मी पत्र लिहिलं, की जंतू खातो. त्यांचं उत्तर आलं, की तो आता खात असेल, पण त्याने पूर्वी केलं ते काही थोडं नाही. तसबीर अजून आहे.

त्यानंतर मी रसदमध्ये एक तपासणी बसवली. कुणीही मॉडेल बनवलं की सॉफ्टवेअर आधी त्याचं सगळं खाणं बंद करतं आणि बघतं. जंतू तरीही वाढला, तर पुढे काम करू देत नाही. अशा तपासण्या दुसरीकडेही असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. आमच्यात नव्हती. प्रत्येक तपासणीला नाव द्यावं लागतं. मी 'अक्का' दिलं. मॉडेल चुकलं की पडद्यावर ओळ येते, 'अक्का: नाही'.

परदेशातल्या एका संशोधकाने पत्र पाठवून विचारलं, ए-के-के-ए ही अक्षरं कशाची? सरांना खरं सांगायचा संकोच वाटला. त्यांनी चार भारदस्त इंग्रजी शब्द जुळवून लांबलचक नाव तयार केलं आणि पाठवून दिलं. ते आता कुणाच्या तरी प्रबंधात छापलेलं आहे, तळटीपेसह.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात आबांच्या गावी जाऊन आले. अक्का शेडमध्ये रस घालत होत्या. मी त्यांना सांगितलं की तुमचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलंय. लांब लांबच्या देशांत शिकलेली माणसं जंतू बनवतात, आणि तो काही न खाता जगायला लागला की तुमचं नाव पडद्यावर येतं.

अक्कांनी तांब्या पिंपाच्या काठावर टेकवला. "मंग? मी त्यासले काय सांगस?"

"तुम्ही नाही म्हणता."

अक्कांनी जरा विचार केला. "मंग त्या काय करतस?"

"परत पहिल्यापासून बघतात, कुठे चुकलं ते."

"बराबर शे," अक्का म्हणाल्या, आणि पुढच्या पिंपाचं फडकं सोडायला लागल्या.